संकेतस्थळ 'चालू' होते, मग अर्ज का भरला गेला नाही?

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन पोर्टलवर लसनोंदणी सुरू झाली. पहिल्या काही मिनिटांतच देशभरातून ओरड झाली की, संकेतस्थळ उघडत नाही, ओटीपी येत नाही. सरकारने लगोलग खुलासा केला की, सर्व्हर कोसळल्याच्या बातम्या निराधार आहेत, उलट पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली आहे. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १६ जुलै २०२१ ला, महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला. दुपारी एकची वेळ जाहीर झाली होती. लाखो मुले मोबाईल हातात घेऊन बसली आणि निकालाचे संकेतस्थळ कित्येक तास उघडलेच नाही. तेव्हा मात्र शासनाला ही गोष्ट मान्य करावी लागली, कारण सारा महाराष्ट्र एकाच वेळी एकाच दारात उभा होता आणि दार बंद असल्याचे सर्वांनाच दिसत होते.

परंतु रोज असे घडत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, जात पडताळणी, नोकरभरती, प्रवेशपरीक्षा या सगळ्यांची दारे आता संगणकात आहेत. तेथे एखादा विद्यार्थी तालुक्याच्या सायबर कॅफेत रात्री अकरा वाजता एकटाच बसलेला असतो. पान फिरत राहते, मुदत संपते आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्याला उत्तर मिळते, "साईट चालू होती. तुम्ही उशिरा भरला." आता या मुलाने काय करावे? त्याच्याकडे फार तर मोबाईलवर काढलेला एक फोटो असतो. कार्यालयाकडे सर्व्हर असतो, कंत्राटदार असतो, शिक्का असतो. शब्दाविरुद्ध शब्द उभा राहिला की कुणाचा शब्द पडतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही!

या प्रश्नावर मोर्चे झाले, निवेदने दिली गेली. ती द्यावीतच. पण एक छोटे, फुकट मिळणारे आणि कोणत्याही संगणक शिकलेल्या तरुणाला तासाभरात जमणारे साधन आपण अजून हाती घेतलेले नाही. ते म्हणजे संकेतस्थळाची हजेरी घेणारी स्क्रिप्ट. मी वकील आहे, संगणकाचा अभियंता नाही. परंतु पुरावा म्हणजे काय हे मला कळते आणि ही स्क्रिप्ट पुरावा तयार करते, म्हणून हा लेखप्रपंच.

आपण ब्राऊझरमध्ये पत्ता टाकतो तेव्हा आपला संगणक समोरच्या सर्व्हरला मागणी पाठवतो. सर्व्हर जे उत्तर देतो त्याच्या पहिल्याच ओळीत तीन आकडी क्रमांक असतो. एचटीटीपी नावाच्या ज्या नियमावलीवर सारे वेब चालते, तिच्यात हे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. २ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मागणी मान्य झाली. २०० हा त्यातला नेहमीचा. ३ ने सुरू होणारा म्हणजे पत्ता बदलला, तिकडे जा. ४ ने सुरू होणारा म्हणजे मागणाऱ्याची चूक: ४०४ म्हणजे असे पान येथे नाही, ४०३ म्हणजे तुम्हाला मनाई आहे. ५ ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हरची स्वतःची चूक: ५०० म्हणजे आत बिघाड, ५०३ म्हणजे सेवा सध्या देता येत नाही, ५०४ म्हणजे आतल्या यंत्रणेने वेळेत उत्तर दिले नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला ही विभागणी फार बोलकी वाटावी. ४ आणि ५ यांत चूक कुणाची हे सर्व्हर आपल्या तोंडाने सांगतो. "विद्यार्थ्याची चूक" असे कार्यालय म्हणत असताना त्यांचाच सर्व्हर ५०३ म्हणत असेल, तर तो त्यांचाच कबुलीजबाब आहे. अर्थात सर्व्हर नेहमी खरे बोलतोच असे नाही. त्याकडे पुढे येतो.

ही ओळ ब्राऊझर आपल्याला दाखवत नाही. स्क्रिप्ट ती वाचते आणि लिहून ठेवते. 'कर्ल' नावाचा एक मोफत प्रोग्राम १९९८ पासून उपलब्ध आहे, स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी तो सुरू केला. लिनक्समध्ये तो सहसा असतोच आणि विंडोज १० मध्येही २०१८ पासून तो सोबतच येतो. त्याला सांगता येते की पान दाखवू नकोस, फक्त क्रमांक आणि लागलेला वेळ सांग. उत्तरच आले नाही तर तो तीन शून्ये छापतो. पायथॉन येणाऱ्या मुलांना हेच काम आठ-दहा ओळींत करता येते. दर पाच मिनिटांनी एकदा विचारायचे, तारीख, वेळ, पत्ता, क्रमांक, लागलेले सेकंद अशी एक ओळ फाईलमध्ये टाकायची, आणि उत्तराची जास्तीत जास्त वाट किती पाहायची, समजा ३० सेकंद, हे आधीच ठरवून द्यायचे. लिनक्सवर हे काम क्रॉन करतो, विंडोजवर टास्क शेड्युलर. दिवसाला २८८ ओळी होतात. महिनाभराची फाईल एका जुन्या पेन ड्राईव्हवर सहज मावते.

आता जेथे फसगत होते ती गोष्ट. २०० आले म्हणजे संकेतस्थळ चालू आहे असे समजणे हा भोळेपणा आहे. २०० चा अर्थ एवढाच की दारावरच्या शिपायाने "या" म्हटले. आत साहेब आहेत की नाहीत, हे त्याला ठाऊक नसते. मुखपृष्ठ हे बहुधा साधे, तयार पान असते; ते कसल्याही गर्दीत उघडते. बिघाड होतो तो ओटीपीत, कागदपत्र चढवण्यात, 'सबमिट' दाबल्यानंतर. शिवाय अनेक संकेतस्थळे अशी बांधलेली असतात की 'काही तांत्रिक अडचण आहे, नंतर प्रयत्न करा' हे पानसुद्धा २०० क्रमांकानेच पाठवतात! माणसाला नकार आणि यंत्राला होकार. २८ एप्रिल २०२१ चा वाद येथे उलगडतो. दार उघडे होते, म्हणून कोट्यवधी लोक आत गेले. ज्यांना ओटीपी आला नाही तेही दार उघडे असतानाच बाहेर राहिले. सरकार एक गोष्ट मोजत होते आणि लोक दुसरीच सोसत होते.

म्हणून स्क्रिप्टने नुसता क्रमांक पाहून चालणार नाही. आलेल्या पानात जो शब्द असायलाच हवा, उदाहरणार्थ 'अर्जदार लॉगिन', तो आहे का, हेही तपासायचे. तो नसेल तर क्रमांक २०० असला तरी नोंद 'नापास'. मुखपृष्ठाबरोबर लॉगिनचे पान तपासायचे. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ढकलले असेल तर शेवटी कोठे पोहोचलो ते लिहायचे. लागलेला वेळही महत्त्वाचा. २०० आले, पण २८ सेकंदांनी आले, तर सायबर कॅफेत तासाला पैसे मोजणाऱ्या मुलासाठी ते बंदच म्हणायचे. मात्र लॉगिनच्या आत, कुणाच्या तरी खात्यात शिरून स्क्रिप्टने खटपट करू नये. त्यामागचे कायद्याचे कारण पुढे आहे.

आणखी एक फसगत जागेची. आपल्या देशातील अनेक सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. सुरक्षेच्या नावाखाली बाहेरच्या देशांतून येणारी मागणी अडवली जाते. आता आपली हुशार मुले स्क्रिप्ट चालवण्यासाठी एखादी मोफत क्लाउड सेवा घेतात. तिचा संगणक असतो सिंगापूरला किंवा अमेरिकेत. तेथून ४०३ किंवा तीन शून्ये येतात, मुले 'साईट बंद' म्हणून बातमी देतात आणि नागपूरचा अधिकारी आपल्या टेबलावर तीच साईट उघडून दाखवतो. आंदोलनाची फजिती व्हायला एवढे पुरेसे आहे. स्क्रिप्ट आपल्याच राज्यातून आणि निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडणीवरून चालली पाहिजे. म्हणजे "तुमचेच नेट गेले असेल" या उत्तरालाही जागा राहत नाही. याची दुसरी बाजूही आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी लंडनला बसून आपल्याच सरकारचे पान उघडू पाहतो आणि त्याला मनाईचा क्रमांक मिळतो, तेव्हा ती साईट चालू म्हणायची की बंद? ज्याला सरकारने स्वतःच परदेशी पाठवले त्याच्यासाठी तरी दार उघडे ठेवायला नको का?

आता टक्केवारीकडे येऊ, कारण सरकारी उत्तर नेहमी टक्केवारीत येते. संगणक सेवेच्या कंत्राटांत सेवा वर्षातून किती टक्के वेळ चालू राहील याची अट घालण्याची पद्धत आहे. ९९.५ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. हिशेब करा. वर्षाचे ८,७६० तास. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४३.८ तास. समजा, पोर्टल वर्षभर, जेव्हा कुणी फिरकत नव्हते तेव्हा, एकदाही बंद पडले नाही आणि मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत ४८ पैकी ४३ तास बंद राहिले. कंत्राटदाराने अट पाळली. त्याला दंड नाही, बिल पूर्ण. आणि त्या दोन दिवसांत रांगेत असलेल्या मुलांचे वर्ष गेले! सरासरीच्या आड अन्याय असा बेमालूम लपतो. शेवटच्या दिवशीच का येता, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून शेवटच्या आठवड्यात हातात पडतो, मजुरी बुडवून तालुक्याला जायला दिवस मिळावा लागतो, हे उपदेशकांच्या गणितात नसते. अटच घालायची तर ती शेवटच्या सात दिवसांसाठी वेगळी आणि कडक घातली पाहिजे. ही मागणी आपण नेमकेपणाने केली पाहिजे.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांकरिता ५९ हजार कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली आणि केंद्र-राज्य वाटा ६०:४० ठरवला. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, ऑनलाईन पडताळणीने. मधले दलाल गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मग एवढ्या पैशाचे एकमेव दार म्हणजे पोर्टल झाले, आणि त्या दाराच्या उघडझापीची नोंद ठेवण्याचे काम मात्र दार सांभाळणाऱ्यावरच सोडले गेले.

कोर्टात या फाईलची किंमत काय? येथे आपल्याच जालन्याचा एक खटला मार्गदर्शक आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. आक्षेप असा होता की, खोतकरांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. म्हणजे वाद मुदतीचा आणि पुरावा घड्याळाचा! निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र लागते. अर्जदारांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळताना दोन गोष्टी सांगितल्या. मूळ यंत्र कोर्टापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. परंतु नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे पक्षकाराने सर्व मार्गांनी मागणी करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

या निकालातून आपल्यासाठी निघणारा अर्थ सरळ आहे. सरकारी सर्व्हरची नोंद सरकारकडे आहे. ती लेखी मागा, पोच घ्या, नाकारली तर पुन्हा मागा, कोर्टामार्फत मागवा. मागितलीच नाही, तर निकालातल्या सवलतीचा उपयोग नाही. आपल्या स्क्रिप्टच्या फाईलचे प्रमाणपत्र मात्र आपणच देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तेथे कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक भाग संगणक सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. रोज रात्री बारा वाजता त्या दिवसाच्या फाईलचा हॅश काढून चार जणांना ईमेल करून ठेवला, तर "नंतर रचले" असे म्हणण्याची सोय उरत नाही.

सरकारी नोंदीबाबत "लॉग शिल्लक नाहीत" हे उत्तर तुम्हाला मिळेल, म्हणून हेही माहीत असू द्या. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसह सर्वांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे आहेत. त्याच निर्देशांत संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले आहे. आपणही आपल्या संगणकाचे घड्याळ त्याच वेळेला लावावे, म्हणजे दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(फ) मध्ये 'माहिती' या शब्दात लॉगबुक, कंत्राटे आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री स्पष्ट शब्दांत आहे. अर्ज १८० दिवसांच्या आत गेला पाहिजे. व्यापारी गुपिताचे कलम ८(१)(ड) पुढे केले जाईल. पण सार्वजनिक पैशाने चालणारे दार किती वाजता बंद होते, यात कसले आले गुपित!

आता खरा कायद्याचा मुद्दा. साध्या कचेरीसाठी १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम १० मध्ये तरतूद आहे की, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत केले असे धरले जाईल. इंग्रजांच्या काळात दगड-विटांच्या कचेरीला लावलेला हा न्याय संगणकाच्या कचेरीला का लागू नये? ज्या कचेरीचे एकमेव दार पोर्टल आहे, तिचे पोर्टल ५०३ देत असेल तर कचेरी बंद आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि तसे कोर्टापुढे मांडायला हवे.

हे नवे किंवा अघटित मागणे नाही. जीएसटी आला तेव्हा जुन्या करांचे श्रेय पुढे ओढण्यासाठी व्यापाऱ्यांना ट्रान-१ नावाचा अर्ज पोर्टलवर भरायचा होता. अनेकांना तांत्रिक बिघाडामुळे तो भरता आला नाही. ३ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने त्यांच्यासाठी तक्रार निवारणाची खास यंत्रणा उभी राहिली आणि पोर्टलच्या लॉगमध्ये प्रयत्नाची खूण सापडते का हे तपासले जाऊ लागले. ज्यांची खूण सापडली नाही ते उच्च न्यायालयांत गेले. शेवटी फिल्को ट्रेड सेंटरच्या प्रकरणात २२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल दोन महिने पुन्हा उघडण्याचा आदेश दिला आणि ते १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या काळात उघडले गेले. पाच वर्षांनी! व्यापाऱ्यांना हा न्याय मिळाला याचे दुःख नाही. पण व्यापाऱ्याच्या पाठीशी वकील होते, सनदी लेखापाल होते, संघटना होत्या. त्यांनी प्रत्येक अपयशी प्रयत्नाचे कागद जपले होते. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याकडे यातले काय आहे?

कोविनच्या काळात हेच साधन कुणाच्या हाती होते हेही पाहा. शहरातल्या संगणक जाणणाऱ्या तरुणांनी लसीच्या जागा तपासणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, टेलिग्रामवर क्षणात सूचना येऊ लागल्या, आणि शहरातले लोक गाड्या काढून ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन आले. त्या गावचा माणूस मात्र बाहेर राहिला. पुढे शासनाने एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच मागण्या अशी मर्यादा घातली. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावे लागले की, केवळ डिजिटल पोर्टलवर अवलंबून राहिल्यास वंचित घटकांवर त्याचा भार पडेल. स्क्रिप्ट कुणाची बाजू घेत नाही. ज्याने लिहिली त्याचे काम करते.

कायद्याची लक्ष्मणरेषा मात्र ओलांडू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून प्रणालीत शिरणे, तिच्यात व्यत्यय आणणे, इतरांचा प्रवेश रोखणे यांसाठी भरपाई द्यावी लागते. अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वांसाठी खुले असलेले पान पाच मिनिटांतून एकदा पाहणे यात कोठेच बसत नाही. एक माणूस पान उघडतो तेवढाच तो भार आहे. सेकंदाला दहादा विचारणारी स्क्रिप्ट मात्र बसू शकते, आणि ती शेकडो मुलांनी मिळून चालवली तर बंद पडलेल्या साईटचे खापर आपल्याच माथी फुटेल. ४२९ हा क्रमांक आला तर तो सर्व्हरचा इशारा समजावा की तुम्ही फार वेळा विचारता आहात. लगेच थांबावे. स्क्रिप्टने आपली ओळखही लपवू नये. प्रत्येक मागणीसोबत आपल्या संघटनेचे नाव पाठवता येते, ते पाठवावे.

प्रत्येक जिल्ह्यात एक वसतिगृह, एक महाविद्यालयीन गट किंवा एक विहार एवढे पुरे. एक जुना संगणक, दोन जोडण्या, एक जबाबदार मुलगा किंवा मुलगी. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतील त्या दिवसापासून ते मुदत संपल्यानंतर दोन दिवसांपर्यंत नोंद चालू ठेवायची. जिल्ह्याजिल्ह्यांच्या फाईली एकत्र केल्या की बिघाड एका गावच्या नेटचा होता की राज्याच्या सर्व्हरचा, हे तासातासाने दिसेल. आणि संबंधित विभागाला माहिती अधिकाराचा पहिला अर्ज आत्ताच, मुदत येण्याआधी टाकायचा: पोर्टलच्या कंत्राटात सेवा चालू ठेवण्याची अट किती टक्के आहे, ती महिन्यावर मोजतात की वर्षावर, ठरलेली देखभाल त्यातून वगळतात का, आणि मागच्या वर्षी शेवटच्या सात दिवसांत तासागणिक ५ ने सुरू होणारी उत्तरे किती गेली.